मोंढ्यातले आजोबा

जुन्या जालन्यातल्या कुठल्याही गल्लीत सकाळी नऊच्या सुमाराला शिरा. एक सत्तरीचे गृहस्थ हातात वरणभाताची वाटी घेऊन कुणाच्या तरी मागं पळताना दिसतील. धोतराचा सोगा एका हातात, खांद्यावर रुमाल, आणि पुढं पळणारी आसामी अडीच फूट उंचीची. या गृहस्थांना आपण तात्या म्हणू. आयुष्य मोंढ्यात मुनिमी करण्यात गेलं. पोत्यात हात घालून तुरीतला ओलावा सांगणारा माणूस. भले भले व्यापारी त्यांच्यापुढं घासाघीस करायला कचरायचे. अशा तात्यांना घरची चिऊ सध्या दिवसातून तीन वेळा लुटते. नाश्त्याला, जेवणाला आणि झोपायच्या वेळी.

‘जालना सोने का पालना’ ही म्हण तात्या पाहुण्यांना ऐकवल्याशिवाय चहा देत नाहीत. त्यातलं सोनं आता सळईच्या कारखान्यांत गेलं. पाळणा मात्र तात्यांच्या माजघरात आहे. आजीच्या जुन्या लुगड्याची झोळी, छताच्या कडीला टांगलेली. झोका तात्यांनी द्यायचा, गाणं तात्यांनी म्हणायचं, आणि म्हणता म्हणता आधी झोपायचं तेही तात्यांनीच. चिऊ झोळीतून डोकं काढून बघते. आजोबा घोरू लागल्याची खात्री पटली की हळूच खाली उतरते आणि त्यांचा चष्मा घेऊन कामाला लागते.

खरी गंमत जेवणाची. ‘एक घास, एक गोष्ट’ हा तात्यांचा उघड भाव. पहिल्या बोलीला हो म्हणायचं नसतं, हे चिऊला कुणी शिकवावं लागलं नाही. ती मान फिरवते. तात्या दोन गोष्टींवर येतात. ती उठून चालू लागते. मग तात्या खांद्यावरचा रुमाल काढतात. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, भोवतीच्या बघ्यांना आकडा कळत नाही. तीच रीत इथं. रुमालाखाली एक सुरकुतलेला हात आणि एक बिस्किटानं चिकट झालेला. चिऊचा चेहरा दलालाला शोभेल इतका कोरा. तात्या तिची दोन बोटं दाबतात, म्हणजे दोन घास. ती त्यांचं एक बोट दाबते. तात्या ‘परवडत नाही’ म्हणून मान हलवतात. यावर ती त्यांची अख्खी मूठ धरते. अख्खी मूठ म्हणजे किती, हे बैलबाजारात काय असेल ते असो; चिऊच्या हिशेबात तो बिस्किटांचा पूर्ण पुडा. सौदा पटतो. एक घास वरणभात तिच्या पोटात, एक पुडा तिच्या हातात, आणि उरलेला भात दारातल्या मांजराला.

आतून सून विचारते, “मामा, जेवली का ती?”

“जेवली की.”

“किती?”

“आज आवक जरा कमी आहे,” तात्या सांगतात आणि रुमाल झटकून खांद्यावर टाकतात.

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालंय. तात्या हे चिऊला समजावून सांगतात आणि रसाची वाटी पुढं करतात. चिऊ घोट घेते, तो गालात धरून घरभर हिंडते आणि शेवटी आजोबांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर सोडते. तात्या शांतपणे म्हणतात, “माल परत आला.”

हे गाव बियाण्यांचंही. महिको 1964 साली इथंच सुरू झाली, आणि तिच्यामागून बियाण्यांच्या कितीतरी कंपन्या इथं उभ्या राहिल्या. तात्यांची एकच तक्रार आहे. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती छापलेली असते, पेरणीच्या सूचना असतात. नातवंडं तेवढी विनालेबल येतात. चिऊ कुणावर गेली यावर घरात एकमत नाही. शहाण्यासारखी बसली की ती आईच्या माहेरावर जाते. भिंतीवर खडूनं रेघोट्या ओढल्या की थेट तात्यांवर.

आता नळाची गोष्ट. पार जायकवाडीचं पाणी शहरात आलं, तरी जालन्यात नळ काही रोज येत नाही. ज्या दिवशी येतो त्या दिवशी गल्लीत लगीनघाई असते. मोटारी, पाइप, ड्रम, हंडे, शेजारणींची नेहमीची भांडणं. इथलं मूल ‘आई’च्या पाठोपाठ ‘नळ’ म्हणायला शिकतं. एकदा ऐन दुपारी चिऊ ओट्यावर उभी राहिली आणि तिनं आरोळी ठोकली, “नळ आला ओऽऽ!” घरोघरची वामकुक्षी मोडली. चार मोटारी एकदम घुरघुरल्या. कोपऱ्यावरच्या काकू धुण्याचा फेस हाताला तसाच ठेवून हंडा घेऊन धावल्या. नळाला टिपूस नाही. पाच मिनिटांत अख्खी गल्ली तात्यांच्या ओट्यासमोर. तात्यांनी चिऊला पाठीशी घातलं आणि मोंढ्यातला जुना आवाज लावला, “पोरगी खोटं बोलत नसती. पाणी आलं आसंल. तुम्हीच उशिरा आलात.”

वकिली कमी पडली की तात्या समर्थांना साक्षीला बोलावतात. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. लहानपणी नारायण अडगळीच्या खोलीत लपून बसला आणि आईनं काय करतोस म्हणून विचारल्यावर, विश्वाची चिंता करतोय म्हणाला, ही कथा इथल्या घराघरांत सांगतात. तात्यांच्या घरी तिचा उपयोग कायद्याच्या कलमासारखा होतो. परवा चिऊ बराच वेळ दिसेना. घरात इतकी शांतता म्हणजे काहीतरी घडतंय, हे आजीनं ओळखलं. फडताळामागं चिऊ कुंकवाचा डबा उघडून बसली होती. कपाळ, पोट, गुडघे, मांजराचं शेपूट, सगळं लालभडक. आजीचा हात वर गेला तसे तात्या मध्ये पडले.

“थांब. काय करू राहिली ते तरी विचार तिला. जांबचा नारायण अडगळीत बसून विश्वाची चिंता करत होता.”

“त्यानं विश्वाची चिंता केली, हिनं माझं वर्षाचं कुंकू संपवलं,” आजी म्हणाली. “आणि फरशी पुसायला तुमचा नारायण येणारै का?”

फरशी तात्यांनी पुसली. चिऊ पाठीवर बसली होती, त्यामुळं जरा वेळ लागला.

हा सगळा प्रकार मुलगा दारातून बघतो. तो सळईच्या कारखान्यात पाळीवर जातो, रात्री उशिरा येतो, आणि मुलं कशी वाढवावीत याचे व्हिडिओ बसमध्ये बघतो. साखर नको, मोबाइल नको, लाच दाखवून जेवू घालायचं नाही, असे त्याचे नियम आहेत. तात्या ते मन लावून ऐकून घेतात. मोंढ्यातही नियमांचा फलक होताच. पण मुलाची खरी अडचण वेगळी आहे. त्याच्या लहानपणी ताटात शीत राहिलं तर हेच तात्या नुसते बघायचे, आणि त्या बघण्यानं शीत आपोआप पोटात जायचं. परवा त्यानं विचारलंच, “तात्या, मला घेतलं होतं का हो कधी पाठीवर?”

तात्यांनी थोडा विचार केला. “तवा मोंढा चालू होता,” म्हणाले.

उत्तर खरं आहे. जालना जिल्हा झाला तो दिवस तात्यांना तोंडपाठ, 1 मे 1981. मुलगा चालायला कधी लागला म्हणून विचारा, म्हणतील, “ज्वारीची आवक होती तेव्हा.” त्या पिढीतल्या बापांना पोरं बहुतेक झोपलेलीच दिसली. सकाळी जाताना झोपलेली, रात्री येताना झोपलेली. मध्ये कधीतरी त्यांना मिसरूड फुटलं. तात्यांना आजोबापणाचा जो उत्साह आहे, तो बाप व्हायचं राहून गेलेल्या माणसाचा आहे. दात येताना पोर चावतं, हे त्यांना सत्तरीत कळलं, तेही स्वतःच्या अंगठ्यावरून. मोहल्ल्यात ते ही बातमी नवा शोध लागल्यासारखी सांगत होते. बायका ऐकून घेत होत्या आणि पदराआड हसत होत्या.

महिनाअखेर किराणावाल्याची यादी आली. तीत बिस्किटांचे पुडे सुनेनं दोनदा मोजले आणि कागद न बोलता सासऱ्यांपुढं ठेवला. जन्मभर पावशेराचा फरक न सोडलेल्या मुनिमानं चष्मा चढवला, बोट फिरवत यादी खालपर्यंत वाचली आणि सही केली.

“घट धरावी लागती, सूनबाई,” ते म्हणाले. “कोणत्याही मालाला.”

“मामा, घट पोत्यामागं किलो-दोन किलो असते. इथं पोतंच गेलंय.”

तात्यांनी चिऊकडं बघितलं. ती त्या वेळी शेवटचा पुडा उघडत होती.

“मग माल लई भारी असणार,” तात्या म्हणाले.