कारकुनावाचून नगरी

एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षे इमानेइतबारे कारकुनी करून, आणि त्या अवधीत अगणित अर्जदारांना खिडकीबाहेर तिष्ठत ठेवण्याचे पुण्य पदरी पाडून, मी सेवानिवृत्त झालो, तेव्हा आता आपल्यावर कोणाच्या खिडकीबाहेर ताटकळण्याचा प्रसंग येणार नाही अशी माझी भाबडी समजूत होती. परंतु गेल्या मे महिन्यात माझ्या आठ वर्षांच्या नातवाने मला घाटकोपरच्या एका मॉलमध्ये नेऊन (मी त्याला नेले असे घरात बोलले जाते, ते खरे नव्हे) त्या समजुतीचा कायमचा निकाल लावला.

स्थळाचे नाव किडझानिया. १९९९ साली मेक्सिको सिटीत जन्मास आलेली ही बालनगरी देशोदेशी आपली ठाणी वसवीत २०१३ साली मुंबईस दाखल झाली. येथे मुलांनी वैद्य, वैमानिक, बंबवाले इत्यादी व्हावयाचे, त्याबद्दल पगार घ्यावयाचा, आणि मोठ्या माणसांनी ते पाहावयाचे. सोबत मूल नसेल तर मोठ्या माणसास प्रवेशच नाही. म्हणजे आयुष्यात कोणालाही जामीन न राहिलेल्या मला त्या दिवशी माझा नातू जामीन होता. वेशीवर विमानतळाचा थाट असून, आमच्या दोघांच्या मनगटांवर परस्परांशी जुळणारे पट्टे चढविण्यात आले. ज्याचे मूल त्यानेच बाहेर न्यावे हा त्यामागील हेतू स्तुत्य खरा, पण मुद्देमालाला चिठ्ठी बांधावी तसे मला क्षणभर वाटले.

या नगरीला स्वतःची भाषाही आहे. दारावरील तरुणीने दोन बोटे हृदयाशी नेऊन, सुहास्य मुद्रेने मला ‘काय!’ असे म्हटले, तेव्हा ही जाब विचारते आहे असे वाटून मी घाईघाईने आधार कार्ड काढले. नातवाने कानात सांगितले की ‘काय’ म्हणजे येथे नमस्कार. हाच शब्द एकतीस वर्षे मी दिवसातून शंभर वेळा, कागदावरून मान वर न करता, खिडकीतून उच्चारला होता. त्यात एवढे अगत्य भरलेले आहे याची मला कल्पना असती तर माझी लोकप्रियता कितीतरी वाढली असती!

चलनाचे नाव किडझो. आरंभी पन्नासांचा धनादेश मिळतो, तो पेढीत वटवून घ्यावयाचा. पुढे काम केले तर कमाई, चैन केली तर खर्च. आमच्या भातुकलीत चिंचोके हेच चलन असे आणि खापराच्या तराजूत वाळूची साखर जोखली जाई. पण दिवेलागणीला आईची हाक येताच अवघा बाजार जागीच बरखास्त होत असल्यामुळे शिल्लक पुढे ओढण्याचा प्रश्न कधी उद्भवला नाही. माझ्या नातवाने मात्र पहिल्याच तासात, मिळकत पेढीत ठेवावी की उडवावी, यावर मजपेक्षा अधिक गांभीर्याने विचार केला.

कामाच्या जागी पालकांस मज्जाव असतो. शस्त्रक्रियेच्या दालनाबाहेर काचेला नाक लावून आम्ही आठ-दहा वडीलधारी मंडळी उभी होतो. आत माझा नातू एका निर्विकार पुतळ्यावर झुकला होता, आणि शेजारच्या बाई काचेतून आपल्या चिरंजीवास बजावीत होत्या, “नीट काप रे, घाई करू नकोस!” माझे पाय भरून आले. बसावयास जागा शोधली, ती नव्हती. आणि माझ्या खिडकीबाहेरही कधी बाकडे नव्हते याचे स्मरण त्याच वेळी व्हावे हा योगायोग म्हणावयाचा.

नंतर बंबाची घंटा झाली. एका इमारतीला लागलेली आग विझविण्यासाठी शिरस्त्राणे घातलेली बालसेना रवाना झाली आणि पाण्याच्या फवाऱ्यांनी तिने ती विझवलीदेखील. आग लागल्याचा अर्ज नाही, त्यावर शेरा नाही, आवक-जावक नोंद नाही. केवळ आग दिसली म्हणून विझवली! या बेबंदशाहीचा उगम शोधण्यासाठी मी नगरीला प्रदक्षिणा घातली, तेव्हा उलगडा झाला. नभोवाणीवरचा निवेदक आहे, पार्सले पोहोचविणारा आहे, पण कारकून मला कोठेही आढळला नाही.

“आजोबा, तुम्ही काय होता?” परतीच्या लोकलमध्ये नातवाने विचारले.

“कारकून.”

“ते तिथे नाहीये. त्यात काय करायचं असतं?”

मुलुंड येईपर्यंत मी त्याला समग्र कामकाज समजावून दिले. त्याने मधून मधून अत्यंत मार्मिक प्रश्न विचारले.

चार दिवसांनी दुपारी मी पाणी पिण्यासाठी स्वयंपाकघराकडे निघालो, तो दारात अभ्यासाचे टेबल आडवे घातलेले. पलीकडे नातू, डोळ्यांवर माझा जुना चष्मा, पुढ्यात वह्यांचा ढीग.

“काय?” त्याने मान वर न करता विचारले. हा नमस्कार नव्हता.

“पाणी हवे होते.”

“अर्ज आणलाय?”

मी निमूटपणे पाठकोऱ्या कागदावर अर्ज लिहून दिला. तो त्याने उलटासुलटा पाहिला, एका वहीत ठेवला, वही ढिगाच्या तळाशी सारली आणि म्हणाला, “साहेब जेवायला गेलेत. उद्या या.”

मी थोडा वेळ उभा राहिलो. मग खिशातून श्रीखंडाची एक गोळी काढून ती टेबलाच्या कडेवर, कोणाचे लक्ष जाणार नाही अशा बेताने, ठेवली.

साहेब तत्काळ जेवून परत आले.