एमएच ३२ चा अपरिग्रही

वर्धा जिल्ह्यात वस्तू कमी बाळगायला शिकवणारे थोर लोक राहून गेले. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावात आले आणि त्या शेगावचं पुढे सेवाग्राम झालं. पलीकडे धाम नदीच्या काठी, पवनारला, विनोबा बसले. जिल्ह्याने दोघांनाही मनोभावे नमस्कार केला आणि पुढच्या पिढ्यांनी फ्रिज, सोफा, दिवाण, इन्व्हर्टर असं जमेल ते घरात भरलं. त्यामुळे स्वखुशीने वस्तू टाकून देणारा माणूस आज पाहायचा असेल तर आश्रमात जाऊन भागत नाही, गॅरेजात जावं लागतं. तिथे एमएच ३२ पासिंगची एक सेकंडहॅण्ड स्विफ्ट चारही दारं उघडून उभी असते. तिच्या पोटातून मागची सीट बाहेर ओढणारा पंचविशीचा तरुण म्हणजे आपला भाऊ. नाव काहीही असो, मित्र त्याला भाऊ म्हणतात. घरी वडील त्याचा उल्लेख फक्त ‘तो’ असा करतात. तो सध्या गाडीचं वजन काढतो आहे.

या कामाला एक क्रम असतो. आधी डिकीतली स्टेपनी, जॅक आणि पाना जातो, कारण त्यांचा उपयोग पंक्चर झाल्यावरच होतो आणि पंक्चर ही भाऊच्या मते इतरांना होणारी गोष्ट आहे. मग मॅट, डिकीतला ट्रे, मागची सीट. त्यानंतर आवाज दाबण्यासाठी तळाच्या पत्र्याला चिकटवलेले डांबरी थर. परदेशातले शौकीन या थरांवर कोरडा बर्फ पसरतात. थंडीने थर ठिसूळ होतो आणि हातोडीने ठोकला की त्याच्या खपल्या निघतात. भाऊला ही बुद्धी नेमकी मे महिन्यात सुचते. पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेलेला असतो आणि थर पत्रा सोडून पान्याला, कोपराला, नव्या जीन्सला धरतो. थोडा गाडीतून निघतो, बराचसा भाऊबरोबर घरी जातो. शेवटी एसीचा कॉम्प्रेसर उतरतो. १९८७ साली फेरारीने एफ४० आणली तेव्हा वजनासाठी तिच्यातून रेडिओ, गालिचे, दारांची आतली सजावट असं सगळं वगळलं होतं. एसी मात्र ठेवला होता. इटलीच्या हवेत ज्याचा त्याग करायला फेरारी धजली नाही, त्याचा त्याग भाऊ वर्ध्याच्या उन्हात करतो. डॅशबोर्डवरच्या गजानन महाराजांच्या मूर्तीला तेवढा हात लागत नाही. पुढचा प्रवास कोणाच्या भरवशावर आहे हे त्यालाही कळतं.

भाऊची टिंगल सोपी आहे, पण भौतिकशास्त्र त्याच्या बाजूने आहे हे आधी कबूल केलं पाहिजे. इंजिनची ताकद वाढवली तर गाडी नुसती जोरात पळते. वजन घटवलं तर ती लवकर वेग घेते, लवकर थांबते, वळणावर आवरते आणि पेट्रोलही कमी पिते. लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन याने या एका विचारावर कारखाना उभा केला. त्याच परंपरेतली १९९६ ची लोटस एलिस जेमतेम सव्वासातशे किलोंची होती. मात्र लोटसच्या लोकांनी वजन काढलं ते आराखड्यातच. अॅल्युमिनियमचे भाग एकमेकांना चिकटवून त्यांनी सांगाडाच हलका केला. भाऊच्या हाती आयती गाडी आहे, तेव्हा त्याच्या वाट्याला सांगाड्यावरच्या किरकोळ वस्तू येतात. हिशेब करून पाहू. २०१८ मध्ये आलेल्या पेट्रोल स्विफ्टचं रिकामं वजन साडेआठशे ते पावणेनऊशे किलो. भाऊ आत बसला की साडेनऊशे धरा. एसी सोडून वरचा सगळा ऐवज मिळून, उदार मनाने, पंचेचाळीस किलो. म्हणजे पावणेपाच टक्के. शून्यापासून शंभराच्या वेगाला बारा सेकंद लागत असतील तर अर्ध्या सेकंदापेक्षा थोडं जास्त वाचतं. आर्वी नाक्यावर पुढे ऑटो आडवा लागलेला असताना हा अर्धा सेकंद कुठे खर्च करायचा हा प्रश्न उरतो. पण अर्धा सेकंद खरा आहे, तो भाऊच्या नावावर जमा करू.

पंचाईत पुढे आहे. कमावलेला अर्धा सेकंद भाऊ आठ दिवसांत उधळतो. कार्बन फायबरचं बॉनेट हलकं असतं, पण परवडत नाही. म्हणून तो लोखंडी बॉनेटवर कार्बन फायबरसारखं दिसणारं स्टिकर चिकटवतो. वजन घटवण्याच्या खुणेचं वजन गाडीवर चढवणारा असा साधक दुसऱ्या कुठल्या पंथात सापडणार नाही. मूळ चाकं काढून तो दोन इंच मोठी अलॉय आणि त्यांवर रुंद टायर घालतो. ही स्वस्त ओतीव चाकं पुष्कळदा आधीच्या चाकांपेक्षा जड भरतात, आणि चाकात वाढलेलं वजन नुसतं वाहून नेऊन चालत नाही, ते फिरवावंही लागतं. मग बंपरपुढे गार्ड येतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये असे गार्ड बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलं होतं, पण ते पत्र अजून भाऊच्या गॅरेजात पोचलेलं नाही. रिकाम्या डिकीत वूफरची पेटी बसते, कारण जागा रिकामी दिसली की आपल्याकडे काहीतरी ठेवतातच. आणि मागे सीट नाही म्हणून मित्र काही येणं सोडत नाहीत. तिघं जण उघड्या पत्र्यावर भजनी मंडळासारखे मांडी घालून बसतात आणि एका सुरात सांगतात, “भाऊ, गाडी लय हलकी वाटून राह्यली न!” तिघांचं मिळून वजन पावणेदोनशे किलोच्या खाली नसतं.

यावरून मी असं म्हणतो की भाऊला हलकी गाडी नकोच आहे. ती हवी असती तर बाजारात तयार मिळत होती. २००९ साली रस्त्यावर आलेली टाटा नॅनो सहाशे किलोंच्या आसपास होती, म्हणजे भाऊने हाडं सोडून सगळं उतरवलं तरी त्याची स्विफ्ट तिथवर यायची नाही. आणखी घरची गोष्ट सांगायची तर बजाज घराणं वर्ध्याचं. १९४५ मध्ये निघालेल्या बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनची पुढे बजाज ऑटो झाली, आणि त्या कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये आरई ६० नावाचं अवघं चारशे किलोंचं चारचाकी वाहन दाखवलं. पुढे ते क्यूट या नावाने विकलं गेलं. ते वाहन बजाज चौकात उभं केलं तर भाऊ त्याला टेकून चहा पिईल, आत बसणार नाही. ‘त्याला ताकद नाही’ असा आक्षेप येईल, आणि तो बरोबर आहे. म्हणून ताकद आणि वजन या दोन्हींची खरी चाड असलेला खेळ घेऊ. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर लागतं, शंकरपटासाठी, म्हणजे बैलांच्या शर्यतींसाठी, जुन्या काळापासून नावाजलेलं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. बैलांना काय वाटतं हा वाद वेगळा. पण पटाचा छकडा पाहा. उभं राहण्यापुरतं लाकूड आणि दोन चाकं, शोभेची एक पट्टीसुद्धा नाही, कारण निकाल घड्याळ देतं आणि तो सेकंदाच्या अपूर्णांकात असतो. धुरकरीही सडपातळ, चपळ. भाऊला मात्र सकाळी दोन प्लेट तर्री-पोहे लागतात, आणि गाडीतले सगळ्यात सहज कमी होणारे दहा किलो स्टिअरिंग आणि सीटच्या मधोमध बसलेले आहेत, हे त्याला कोणी दाखवून देत नाही.

मग हा खटाटोप कशासाठी? त्यासाठी आपल्या भागात गाडी कोणाची असते ते पाहिलं पाहिजे. कागदावर एक नाव असतं, पण गाडी घराची, घर भावकीचं. वहिनीला तपासणीसाठी सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात न्यायचं, काकांना कापसाच्या चुकाऱ्यासाठी हिंगणघाटला सोडायचं, मावशीला नागपूर स्टेशनवरून आणायचं आणि येताना तिच्या दोन पिशव्या, एक चुंगडं, परतीच्या वेळी गोरसपाकचे डबे. लग्नसराईत तर गाडी आपण घेतली आहे की गावाने, असा प्रश्न पडावा. भाऊ या संस्थेतला बिनपगारी ड्रायव्हर असतो. ‘नाही’ म्हणण्याची सोय त्याला नसते. आत्याला नाही म्हणालात तर ते पुढच्या तीन लग्नांत ऐकावं लागतं. अशा माणसाला एक दिवस समजतं की मागची सीट काढता येते. आता काकांनी हाक मारली की तो अपराधी चेहरा करून म्हणतो, “काका, आलो असतो न, पण मांगं सीटच नाही.” नकार त्याने दिलेला नसतो, गाडीनेच दिलेला असतो. सीट वीसपंचवीस किलोंची, पण तिच्यावर बसणारे दोनशे किलो कायमचे उतरतात. घरात स्वतःची खोली नसलेल्या मुलाने चार चाकांवर मिळवलेली ही खोली आहे, आणि तिथे कोणी बसायचं हे पहिल्यांदाच तो ठरवतो. म्हणून तर मित्रांचे पावणेदोनशे किलो त्याला जाणवत नाहीत.

जाणकार म्हणतील, यात वर्ध्याचं विशेष काय, मागची सीट काढण्याची रीत खुद्द पोर्शने घालून दिली. बरोबर आहे. १९७३ च्या कॅरेरा २.७ आरएस या गाडीच्या हलक्या आवृत्तीतून मागच्या सीट आणि घड्याळसुद्धा काढलं होतं, काचा पातळ केल्या होत्या. गालिचे आणि गाद्या असलेल्या आवृत्तीपेक्षा ती सुमारे शंभर किलोंनी हलकी भरली. पण एकूण १५८० गाड्यांपैकी या हलक्या गाड्या अवघ्या २०० खपल्या. इतरांनी बहुतेक करून गादीवालीच पसंत केली. भौतिकशास्त्र कळणाऱ्या जर्मनांचाही कौल असा आहे. दुसरा आक्षेप, स्टेपनी नसली तरी चालते असं सरकारच म्हणतं. म्हणतं खरं, २०२० च्या नियमबदलात. पण त्यासाठी ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं साहित्य गाडीत असावं लागतं. भाऊच्या गाडीत या तिन्हींपैकी फक्त टायर असतो. तिसरा आक्षेप सगळ्यात जोरकस: त्याचा पैसा, त्याची गाडी, तुमचं काय जातं? यातला पैसा बापाचा आणि गाडी कर्जाची हे सोडून दिलं, तरी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उरतंच. आरसीवर जे लिहिलं आहे त्याच्याशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही, आणि आरसीवर आसनसंख्याही असते, रिकाम्या गाडीचं वजनही.

‘तुमचं काय जातं’ याचं उत्तर मात्र कायद्यात शोधायला नको. काढलेलं वजन कुठेतरी जातंच. मागची सीट ओसरीवर येते आणि आजोबांना ती खाटेपेक्षा बरी वाटते. स्टेपनी गोठ्याच्या टिनावर चढते, वादळात पत्रे उडू नयेत म्हणून. इथवर कोणाची तक्रार नाही. पण दुपारी दोन वाजता समृद्धी महामार्गावर, विरुळच्या अलीकडे-पलीकडे, टायर बसतो तेव्हा त्या स्टेपनीचे पंधरा किलो एखाद्या मित्राला गोठ्यावरून उतरवून, कोणाची तरी चारचाकी मागून आणावे लागतात. वहिनी ऑटोने धक्के खात दवाखान्यात जाते, काका एसटीत उभे राहतात. गाडी हलकी झाली त्याचं ओझं हे असं वाटलं जातं. याउलट १९२९ साली गांधीजींच्या चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस जाहीर केलं होतं. चरखा हलका आणि सहज हलवता येण्याजोगा असावा ही अट त्यात होती. पण तो दीडशे रुपयांच्या आत पडावा, वीस वर्षं टिकावा आणि साध्या झोपडीत आठ तास चालवूनही माणूस दमू नये, याही अटी होत्या. म्हणजे वजन घटवायचं ते वापरणाऱ्याच्या सोयीसाठी. एक लाख रुपये तेव्हा कोणालाच मिळाले नाहीत आणि भाऊलाही मिळाले नसते. सेवाग्रामात सामान कमी होतं, पण कुष्ठरोगी परचुरे शास्त्री आले तेव्हा त्यांना जागा झाली.

तरीही भाऊवर चिडायचं कारण नाही. त्याची शिक्षा त्याला जिल्हाच देतो. वर्ध्यात दारूबंदी आहे. मागची सीट नसलेली, डिकीत स्टेपनीच्या जागी मोकळा खड्डा असलेली गाडी नाकाबंदीत दिसली की हवालदाराला ती हलकी वाटत नाही, माल उतरवून आलेली वाटते. ‘वजन काढलं साहेब’ हे खरं उत्तर तिथे सगळ्यात संशयास्पद ठरतं. दोनतीन वर्षांत लग्न जमतं, सासरचे लोक गाडी पाहायला येतात, आजोबांच्या बुडाखालची सीट परत मागितली जाते आणि ते देत नाहीत. मग गाडी विकायला निघते. जाहिरातीत ‘सिंगल हॅण्ड, शौकीन मालक’ असं लिहिलेलं असतं. तुम्ही ती बघायला गेलात तर इंजिनचा आवाज नंतर ऐका. आधी डिकी उघडून स्टेपनी, जॅक, पाना आहे का बघा, मेमध्ये गेलात तर एसी लावून बघा, आणि आरसीवर आसनसंख्या पाच लिहिलेली असेल तर सीट मोजून घ्या.