हँडल मारायची पाळी कोणाची?

रेशनवर तांदूळ मिळतो, साखर मिळते, एके काळी रॉकेलही मिळायचं. श्वास मात्र रेशनवर दिला तो स्वित्झर्लंडने. बाहेर अणुबाँब पडला तर तळघरातल्या प्रत्येक जिवाला ताशी ६ घनमीटर ताजी हवा. बाहेर विषारी वायू असेल आणि फिल्टर लावावा लागला, तर ३. जागा माणशी १ चौरस मीटर. त्यासाठी १९६३ साली कायदा झाला, आणि घर बांधणारा माणूस दिवाणखान्याआधी बाँबपासूनचा निवारा बांधू लागला. ज्याने बांधला नाही, त्याने पैसे भरायचे. आज त्या देशात निवाऱ्यातल्या जागा लोकसंख्येपेक्षा थोड्या जास्तच आहेत. युद्धात पाहुणे आले तर पंचाईत नको.

आपली समजूत अशी, की बंद खोलीत प्राणवायू संपून माणूस जातो. प्राणवायू बिचारा बराच वेळ तग धरतो. त्याच्याआधी घात करतो तो आपणच सोडलेला कार्बन डायऑक्साइड. नुसता बसून राहिलेला माणूसही तासाला वीसेक लिटर सोडतो. माणशी अडीच घनमीटरच्या त्या खोलीत पंखा बंद पडला, की चारेक तासांत त्याचं प्रमाण ३ टक्क्यांवर जातं. धाप लागते, डोकं ठणकतं. वर प्रत्येक देह १०० वॉट उष्णता आणि घाम देतो, तो वेगळाच. बाँब कोणाचाही असो, शेवटचं काम शेजारीच करतो.

म्हणून भिंतीवर यंत्र. वीज आहे तोवर मोटर चालते, वीज गेली की हँडल. बाहेरची हवा आधी स्फोटाचा धक्का अडवणाऱ्या झडपेतून येते, गरज पडल्यास सक्रिय कोळशाच्या पिंपातून गाळली जाते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवायचा, म्हणजे कुठे फट असलीच तर हवा बाहेर जाते, विष आत येत नाही. इथवर सगळं चोख. पण हँडल मारणार कोण? हा तोच देश, जिथे इमारतीतल्या सामाईक वॉशिंग मशीनच्या पाळ्यांचा तक्ता लागतो आणि पाळी अर्ध्या तासाने लांबली तर दारावर चिठ्ठी येते. शिवाय हँडल मारणारा दमतो, आणि दमलेला माणूस बसलेल्यांच्या कितीतरी पट कार्बन डायऑक्साइड सोडतो. म्हणजे सगळ्यांना हवा पुरवणाराच हवेची सर्वांत जास्त नासाडी करणार. चिठ्ठी त्याच्याच नावाने निघेल, यात मला शंका नाही.

आपली मराठी मंडळी ल्युसर्नला लाकडी पुलावर फोटो काढतात, चॉकलेटं घेतात आणि टिटलिसच्या बसमध्ये बसतात. वाटेत हायवेवर झोनेनबर्गचा बोगदा लागतो, तोवर निम्म्यांचा डोळा लागलेला असतो. हा दीड किलोमीटरचा बोगदा १९७६ साली सुरू झाला तेव्हा युद्धात २०,००० माणसांचा निवारा होणार होता. येण्याच्या आणि जाण्याच्या दोन बोगद्यांच्या मधल्या डोंगरात सात मजले: ऑपरेशन थिएटर, नियंत्रण कक्ष, इतकंच काय, तुरुंगही. अणुयुद्धातही कोणीतरी कोणाचं तरी काहीतरी चोरणार, एवढा माणसावर विश्वास! चोरालाही हवा तेवढीच मिळणार, हे लोकशाहीचं भूषण. १९८७ साली रंगीत तालीम झाली. तोंडाशी दीड मीटर जाडीची, प्रत्येकी ३५० टनांची दारं. दार नीट लागेना. आत २०,००० जणांच्या श्वासाचा हिशेब तयार, आणि बाहेरची हवा दारातूनच हजर. पुढे २००६ साली क्षमता २,००० वर आणली. उरलेल्या १८,००० जणांना काय सांगितलं असेल कोण जाणे.

हँडलचा हा प्रश्न अमेरिकेलाही पडला होता. हिरोशिमाच्या बाँबचं युरेनियम जिथे तयार झालं, त्याच ओक रिजमधल्या प्रयोगशाळेत क्रेसन कर्नी नावाच्या गृहस्थाने साठच्या दशकात निवाऱ्यात हवा खेळवणारा पंप शोधला: लाकडी चौकट, प्लास्टिकच्या झडपा आणि ओढायला दोरी. त्याचं पहिलं नाव ‘पंखा-पंप’ होतं, साहेबाच्या डोक्यावर आपल्याकडे ओढत तोच तो पंखा. यात झडपा एकाच दिशेने उघडतात, त्यामुळे हवा नुसती हलत नाही, पुढे ढकलली जाते. अणूचं पोट फोडून झाल्यावर विज्ञान पुन्हा पंखेवाल्यापाशी आलं. साहेब कोण आणि पंखेवाला कोण, एवढंच निवाऱ्यात ठरायचं होतं.

स्विस तळघरांत सध्या सायकली, स्कीच्या फळ्या आणि वाइन राहते. कायद्याची हरकत नाही. फक्त हुकूम आल्यावर पाच दिवसांत तळघर रिकामं करून निवारा सज्ज झाला पाहिजे. शत्रूने तेवढी पूर्वसूचना द्यावी, ही अपेक्षा रास्तच आहे. सायकली वर नेता येतील, फळ्याही. पण वर बाँब पडणार असताना चांगली वाइन वर कोण नेईल? तिचा निकाल खालीच लावावा लागेल, तोही पाच दिवसांत, सहकुटुंब. सहाव्या दिवशी हँडलची पहिली पाळी ज्याची असेल, त्याने किती रिचवली हे मात्र आधी पाहून घ्या.