कॉम्प्युटरमधलं कळणारा

कॉम्प्युटरमधलं कळणारा माणूस प्रत्येक हाउसिंग सोसायटीत एक असतो. मोठ्या सोसायटीत दोन असतात आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. त्याच्या नेमणुकीचा ठराव कुठल्याही सर्वसाधारण सभेत झालेला नसतो, तरी त्याची मुदत चेअरमनपेक्षा मोठी असते. शिक्षणाचा या पदाशी फारसा संबंध नाही. संगणकशास्त्राचा पदवीधर इथे बहुधा कुचकामी ठरतो, कारण ‘मी सॉफ्टवेअर लिहितो, दुरुस्ती माझं काम नाही’ असं खरं ते सांगून तो मोकळा होतो. पदावर बसतो तो बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा, एमएस-सीआयटी झालेला पतपेढीतला कारकून किंवा टेलिफोन खात्यातून नुकताच निवृत्त झालेला गृहस्थ. पात्रता एकच लागते. केव्हातरी, कुणाच्यातरी घरी त्याने माऊस हातात धरला आणि बंद पडलेलं काहीतरी चालू झालं. ते आपोआप चालू झालेलं असलं तरी चालतं.

ही जात मराठी घरांत विंडोज ९८ च्या सुमारास दिसू लागली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या टापकीर गल्लीतून सुटे भाग आणून कॉम्प्युटर ‘असेंबल’ करून घेण्याचा तो काळ. यंत्र घरी आलं की त्याला हळदकुंकू वाहिलं जाई, वर शिवलेलं कापडी कव्हर चढे आणि मुलांना सुट्टीत दिवसाला एक तास मिळे. खरेदी स्वस्तात पडे, पण बिघडल्यावर दाद कुणाकडे मागायची हे त्या बिलावर लिहिलेलं नसे. नसे म्हणजे, बिलच नसे. ती जागा या माणसाने भरून काढली.

त्याच्याकडे येणारी तक्रार नेहमी मोघम असते. ‘कॉम्प्युटर उघडत नाही’ या एका वाक्यात वीज गेल्यापासून पासवर्ड विसरल्यापर्यंत काहीही बसतं. ‘सगळं उडालं’ म्हणजे बहुतेक वेळा फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये सेव्ह झालेली असते. ‘हँग झालाय’ याचा अर्थ कीबोर्डची वायर मागून निघाली आहे, असाही निघतो. तक्रारीच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं: ‘मी काहीच केलं नाही, आपोआप झालं.’ त्यावर तो विचारतो, ‘काय मेसेज आला होता?’ उत्तर येतं, ‘काहीतरी इंग्रजीत आलं होतं. मी ओके केलं.’

त्याच्या विद्येचं मर्म नेमकं इथे आहे. पडद्यावर चौकट आली की बाकीचं घर ती घाईघाईने बंद करतं. हा ती वाचतो. ‘डिस्क फुल’ असं लिहून आलं की डिस्क भरली आहे, असा निष्कर्ष तो काढतो. या निष्कर्षाने घरातली वडीलधारी मंडळी थक्क होतात. चौकटीतला मजकूर त्यालाही कळला नाही, तर तो जसाच्या तसा गूगलवर टाकतो आणि वर आलेल्या दोन-तीन उत्तरांतलं जे करून बघायला सर्वांत कमी धोक्याचं, ते आधी करून बघतो. यापलीकडे गुपित असं काही नाही. पण हे तो कुणाला सांगत नाही आणि सांगितलं तरी कुणी विश्वास ठेवत नाही.

घरी आल्यावर तो पहिल्यांदा पडद्याकडे बघत नाही, टेबलाखाली बघतो. यूपीएसचं बटण, मॉनिटरची वायर, भिंतीतला प्लग. बऱ्याच केसेस इथेच निकालात निघतात, कारण सकाळी मिक्सरसाठी तो प्लग काढलेला असतो. अशा वेळी जाणकार माणूस लगेच उठत नाही. प्लग पाच सेकंदांत लावला म्हणून सांगितलं तर यजमानांना ओशाळल्यासारखं होईल, म्हणून तो थोडा वेळ उगाच माऊस फिरवतो, ‘पॉवरचा इश्यू होता’ म्हणतो आणि चहा घेऊन जातो.

त्यानंतरचा उपाय म्हणजे रीस्टार्ट. यावर विनोद पुष्कळ होतात, पण उपाय शास्त्रशुद्ध आहे. तासन्‌तास चालणारे प्रोग्रॅम मेमरी अडवून बसतात, काही अर्धवट मरून पडतात, एखादा ड्रायव्हर भलत्याच अवस्थेत अडकतो. यंत्र नव्याने सुरू झालं की रॅम रिकामी होते आणि सगळे आपापल्या जागी परत बसतात. घरचे म्हणतात, ‘आम्ही बंद करून चालू केला होता, चार वेळा.’ ते खोटं बोलत नसतात. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. कालचा गुंता त्याच्याबरोबर परत येतो. ‘रीस्टार्ट’ केलं तरच गाभा नव्याने उभा राहतो. हा फरक ठाऊक असलेला माणूस अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकच असतो, आणि त्या जोरावर त्याची काही वर्षं निघतात.

कॉम्प्युटर ‘स्लो’ असेल तर तो टास्क मॅनेजर उघडतो. त्यासाठी तो कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा दाबतो, तेव्हा मागे उभ्या असलेल्या माणसांचा श्वास क्षणभर थांबतो. या तीन कळांची युक्ती आयबीएमच्या पहिल्या पीसीवर काम करणाऱ्या डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्याने बसवली; तो पीसी १९८१ मध्ये बाजारात आला. यंत्र पटकन रीस्टार्ट करता यावं, पण चुकून होऊ नये, एवढाच मूळ हेतू. टास्क मॅनेजरमध्ये दिसतं ते असं: सुरू होतानाच उठणारे डझनभर प्रोग्रॅम, त्यांतले निम्मे कुणी कधी टाकले हे कुणालाच ठाऊक नाही, मुदत संपलेला एक अँटिव्हायरस आणि त्याच्यावर नजर ठेवणारा दुसरा. ‘डिस्क’ या रकान्यात शंभर टक्के. तो नको असलेले प्रोग्रॅम स्टार्टअपमधून काढतो, टेम्प फोल्डर रिकामा करतो आणि जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायला सांगतो. हा सल्ला दहातल्या नऊ मंद यंत्रांना लागू पडतो. पण एसएसडीला पैसे पडतात, म्हणून यजमान विचारतात, ‘तेवढं ते डीफ्रॅग का काय म्हणतात, त्याने नाही का होणार?’

अजिबात चालूच न होणाऱ्या आणि नुसत्या शिट्ट्या मारणाऱ्या कॉम्प्युटरवरचा त्याचा इलाज बघण्यासारखा असतो. तो कॅबिनेटचं झाकण काढतो. आत मागच्या दसऱ्याच्या झेंडूच्या पाकळ्या निघतात. मग तो घरातल्या शाळकरी मुलाकडे खोडरबर मागतो, रॅमची पट्टी बाहेर काढतो, तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हलकेच घासतो आणि पट्टी परत दाबून बसवतो. यंत्र सुरू होतं. कडांवर चढलेली पुटं निघून संपर्क नीट जुळला, एवढंच घडलेलं असतं, पण खोडरबराने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाची कीर्ती शेजारच्या सोसायटीपर्यंत जाते. तारीख दर वेळी जुन्या सालात जाऊन बसत असेल आणि बँकेची साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नसेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल बदलायचा. चूक घड्याळाची, आणि लोक शिव्या देत असतात बँकेला.

त्याचा सुवर्णकाळ म्हणजे पेन ड्राइव्हचे दिवस. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला गेलेला पेन ड्राइव्ह घरी परतताना व्हायरस घेऊनच येई. ऑटोरन नावाच्या सोयीमुळे तो खोचल्याबरोबर आतलं बांडगूळ आपोआप चालू होई. खरे फोल्डर लपत आणि त्यांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट दिसत. घरात आकांत होई, कारण त्यात मुलाचं प्रोजेक्ट असे. हा मग काळी खिडकी उघडून ‘ॲट्रिब’ ही कमांड टाइप करी आणि फोल्डर परत दिसू लागत. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटवणाऱ्या माणसाला त्या काळी जो मान होता, तो नंतर कुणाला मिळाला नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने पेन ड्राइव्हचं ऑटोरन अपडेटमधून बंद केलं आणि त्याची निम्मी प्रॅक्टिस बसली. याच व्यवसायाच्या एका फांदीतून मात्र मोठी कंपनी उभी राहिली: पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलास काटकरांचं दुकान आणि त्यांचे बंधू संजय यांनी लिहिलेला अँटिव्हायरस, यांतून क्विक हील झाली. सोसायटीतल्या जाणकाराला ही गोष्ट पाठ असते.

एक खातं मात्र खास मराठी आहे, आणि त्यात त्याचे सर्वांत जास्त तास जातात. सेक्रेटरींनी वार्षिक अहवाल एका कॉम्प्युटरवर टाइप केलेला असतो. तो दुसऱ्यावर उघडला की ‘सन्माननीय सभासद’ऐवजी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांची रांगोळी दिसते. सेक्रेटरींना हा विरोधी गटाचा डाव वाटतो. खरं कारण असं की श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये फाइलच्या आत इंग्रजी अक्षरांचे संकेतच साठवलेले असतात, फक्त त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. फॉन्ट नसला की मुखवटा गळतो. युनिकोडमध्ये मराठी ‘क’ला स्वतःचा संकेत असतो, म्हणून ती फाइल कुठेही उघडते. विंडोज एक्सपीच्या काळात तेवढ्यावरही भागत नसे. भारतीय लिप्यांचा आधार सीडी घालून वेगळा चालू करावा लागे, नाहीतर पडद्यावर चौकोनच चौकोन येत. हे सगळं तो सेक्रेटरींना शांतपणे समजावतो. सेक्रेटरी ऐकून घेतात आणि पुढच्या वर्षीचा अहवाल पुन्हा श्रीलिपीत टाइप करतात, कारण बोटांना तोच कीबोर्ड पाठ आहे.

प्रिंटरबद्दल तो बोलायला नाखूश असतो. अडकलेल्या रांगेसाठी स्पूलर सेवा थांबवून परत चालू करायची, हे त्याला ठाऊक असतं. पण इंकजेट प्रिंटर घरोघरी वर्षातून दोनदा लागतो. शाई हेडमध्येच वाळते आणि बारावीच्या हॉल तिकिटाच्या दिवशी पान कोरं बाहेर येतं. यावर त्याचा तोडगा कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान हाच असतो.

सगळे उपाय थकले की तो खुर्चीत मागे रेलतो, चष्मा काढून पुसतो आणि ऑपरेशन थिएटरबाहेर आलेल्या सर्जनच्या आवाजात म्हणतो, ‘फॉर्मॅट मारावा लागेल.’ घरात शांतता पसरते. पुढचा प्रश्न: ‘बॅकअप आहे ना?’ शांतता वाढते. मुंजीपासून बारशापर्यंतचे सगळे फोटो डेस्कटॉपवर असतात, आणि डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो, ही बातमी घराला त्या क्षणी कळते. पुढचे दोन तास डेस्कटॉपवरून डी ड्राइव्हमध्ये स्थलांतर चालतं. मग विंडोज चढते, ड्रायव्हर चढतात, आणि नवंकोरं यंत्र सुपूर्द केलं जातं. दुसऱ्या दिवशी आजोबांचा फोन येतो, ‘अरे, माझा पत्त्यांचा डाव कुठे गेला?’ विंडोज ८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजसोबत मिळणारा सॉलिटेअर काढला. पुढे परत दिला तो जाहिराती घालून. आजोबांच्या लेखी हे दोन्ही याचेच उद्योग.

उत्तरदायित्व हा या पदाचा सर्वांत कडू भाग. यंत्राला एकदा हात लागला की त्यापुढचं सगळं त्याच्या खात्यावर. ‘परवा तू बघून गेलास ना, तेव्हापासून टीव्हीचा आवाज कमी येतो’ हे वाक्य तो गंभीर चेहऱ्याने ऐकून घेतो. मोबदला पैशांत मिळत नाही. पैसे दिले तर त्याला परका केल्यासारखं होईल, असं काकूंचं मत असतं. कांदेपोहे, चहा आणि त्याच्या लग्नाची चौकशी हे चलन ठरलेलं आहे. त्याचं लग्न झालेलं असेल, तर पगाराची.

अलीकडे हे काम दुरूनही होतं. सॅन होजेला गेलेला भाचा एनीडेस्कवरून ठाण्यातल्या मामांचा पडदा बघतो, बाण फिरू लागतो, आणि मामा घाबरून आपलाही माऊस हलवतात. पण हेच हत्यार ठगांच्याही हातात असतं. एनीडेस्कमधून खाती रिकामी होण्याबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ अशी चौकट ब्राउझरमध्ये येते, आणि जन्मभर एकही चौकट न वाचलेले काका नेमकी तीच संपूर्ण वाचतात. ब्राउझर बंद करायचा, फोन करायचा नाही, एवढं सांगायला जाणकार धावत येतो. तो सोसायटीला सर्वांत स्वस्त पडतो तो त्या दिवशी.

सध्या त्याला विचारला जाणारा प्रश्न विंडोज १० चा. १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा नियमित आधार संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. चालतं यंत्र बाद कसं होतं, हे मध्यमवर्गीय मराठी घराला पटत नाही. तो बायॉसमध्ये जाऊन टीपीएम नुसती बंद ठेवली आहे का ते बघतो. यंत्रात ती नसलीच, तर लिनक्स मिंट टाकून देतो म्हणतो. काकू विचारतात, ‘त्यात यूट्यूबवर कीर्तन दिसेल ना?’ दिसेल म्हटल्यावर त्या परवानगी देतात. काका मात्र आठवडाभर ‘स्टार्ट’ शोधत राहतात.

कधीतरी त्याला बंगळुरूला नोकरी लागते किंवा तो लग्न करून वाकडला राहायला जातो. काही दिवस फोनवर कारभार चालतो, मग सोसायटी नवा माणूस हेरते. दुसऱ्या मजल्यावरच्या सातवीतल्या मुलाने परवा सेक्रेटरींच्या मोबाइलवरचं व्हॉट्सॲप अपडेट करून दिलेलं असतं. त्याच्या आईला जिन्यात थांबवून विचारलं जातं, ‘रविवारी मोकळा आहे का हो तो? तेवढं जरा बघून जाईल.’ आई अभिमानाने हो म्हणते. मुलाला अजून कुणी विचारलेलं नसतं.