फ्लिंडर्सांचे भाऊबंद

इंग्लंडातल्या लिंकनशायरमध्ये, दप्तरखान्याच्या आसपास, एक नमुना हमखास भेटतो. साठी उलटलेली, चष्मा दोरीने गळ्यात, काखेत फुगलेली फाइल. दोन वाक्यं हवेपाण्याची, की तिसऱ्याला गाडी रुळावर: "आम्ही मॅथ्यू फ्लिंडर्सच्या घराण्यातले."

ऑस्ट्रेलियाला वळसा घालून तिचा नकाशा काढणारा हा आरमारी अधिकारी डोनिंग्टन गावच्या डॉक्टरचा मुलगा. 1803 च्या डिसेंबरात बोट गळायला लागली म्हणून मॉरिशसला थांबला. बेट फ्रेंचांचं, लढाई पेटलेली, आणि खिशातला परवाना भलत्याच जहाजाच्या नावाचा. गव्हर्नरने हेर समजून अडकवला. मग जेवायला बोलावलं, तर स्वारीने ताठ्यात नकार कळवला. सुटका 1810 मध्ये! "तेव्हापासून आमच्यात जेवणाला कोणी नाही म्हणत नाही," असं सांगत गृहस्थ आपल्या बशीतलं सँडविच उचलतात.

गोची पुढे आहे. लग्न 1801 चं. तीन महिन्यांत नवरा निघाला तो बायकोला दिसला नऊ वर्षांनी. 1812 ला एकुलती एक मुलगी झाली, 1814 ला तो वारला. मुलगी पेट्रींच्या घरी पडली. इजिप्त उकरणारा फ्लिंडर्स पेट्री हा तिचा मुलगा. म्हणजे बापाकडून फ्लिंडर्स हे आडनाव आलेला माणूस त्याच नात्याने मॅथ्यूचा वंशज असूच शकत नाही. हे दाखवून द्या, गृहस्थ जराही हलत नाहीत. "थेट कोण म्हणतंय? चुलत." चुलत जुळेना तर सावत्र. सावत्र आईच्या बहिणीचा मुलगा जॉन फ्रँकलिन आर्क्टिकच्या बर्फात कायमचा हरवला, पण फाइलीत नीट सापडतो. आपल्याकडचे कुलवृत्तांतवाले काका मूळपुरुषाला पेशव्यांच्या पंगतीला बसवतात, हे त्याच पंथातले. जहाजावरच्या ट्रिम मांजरालाही एक पान आहे. ते मॉरिशसमध्ये बेपत्ता झालं. 'वारस नाही' हा शेरा अख्ख्या फाइलीत तेवढ्या पानावर.

2019 मध्ये लंडनच्या यूस्टनजवळ रेल्वेच्या खोदकामात, शवपेटीवरच्या शिशाच्या पाटीवरून, फ्लिंडर्स सापडला. 2024 च्या जुलैत डोनिंग्टनच्या चर्चमध्ये त्याचं पुन्हा दफन झालं. गृहस्थ अर्थातच घरच्या माणसासारखे वावरत होते.

तिकडे गेलात आणि कोणी फाइल उघडलीच, तर आडनावाला भुलू नका. आईचं माहेर विचारा, तिच्या आईचंही विचारा. मॅथ्यूचा खरा वंश मुलीकडूनच चालला आहे.