चढाई अधिकृत कशी होते

रविवारी पहाटे पुण्याहून सिंहगडाकडे निघणाऱ्या सायकलस्वार मंडळींचे इतिहासप्रेम वाखाणण्याजोगे आहे. खडकवासल्याला कणीस, पायथ्याशी फोटो, माथ्यावर पिठलं-भाकरी. मधल्या वेळात, जमल्यास, तानाजी. मोबाइलवर नोंद नाही ती चढाई झालीच नाही, हा मंडळींचा नियम रास्तच. त्या न्यायाने तानाजीच्या १६७० सालच्या चढाईचे प्रकरण संशयास्पद ठरते. ना वेग, ना हृदयाचे ठोके. शिवाय ढाल तुटल्यावर म्हणे हाताला शेला गुंडाळला. सुरक्षा-साधनांबाबत इतकी हयगय! दह्याची मडकी डोक्यावर घेऊन पायवाटेने गड चढणाऱ्या मावशी तर, नियमानुसार, अजून एकदाही वर पोहोचलेल्या नाहीत. माथ्यावर दही येते कुठून, याची चौकशी व्हायला हवी.