आभाळाखालची गाडी

उघड्या छपराची गाडी माणूस आभाळ बघायला घेतो, असा एक समज आहे. जाहिरातींत तरी तसंच दाखवतात: वळणांचा रस्ता, शेजारी कुणीतरी हसतंय, केस वाऱ्यावर. प्रत्यक्षात अशी गाडी परवडण्याचं वय आणि केस वाऱ्यावर उडण्याचं वय यांची गाठ सहसा पडत नाही. शिवाय इंग्लंडात स्वच्छ ऊन पडतं त्या दिवशी एकच काय ते करता येतं: छत उघडून हिंडायला जा, नाहीतर गाडीखाली शिरा. गाडीने पन्नाशी ओलांडलेली आणि घराला गॅरेज नाही, म्हटल्यावर बहुतेक उन्हं दुसऱ्या कामी लागतात. आभाळ दिसतं, पण चाक आणि मडगार्ड यांच्या फटीतून, वितभर. ‘अहो, रस्त्यावरून तुमचे पाय तेवढे दिसतात,’ बायको खिडकीतून सांगते. ‘लोकांना वाटेल, तुम्हाला कुणीतरी तिथं टाकून गेलंय.’

गाडी म्हणजे एमजीबी रोडस्टर, १९७० सालची, हिरवी. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं या गाड्या बनत होत्या. पक्क्या छपराच्या जीटी धरल्या, तर पाच लाखांवर निघाल्या. त्यामुळे दुर्मीळ वस्तूची मिजास करायची सोय नाही, पण सुटे भाग मात्र वाटेल ते मिळतात. वाटेल ते म्हणजे, मूळ साच्यांवर पत्रा दाबून १९८८ पासून अख्खी नवी बॉडीसुद्धा बनते. कुडी नवी, आत्मा जुना. गाडीचा आत्मा नेमका कुठल्या नटबोल्टात असतो, हा वाद इथल्या पबमध्ये रात्री उशिरापर्यंत चालू शकतो.

सरकारने या वयोवृद्ध मंडळींचा नाद सोडला आहे. चाळीस वर्षांहून जुन्या, फारशी मोडतोड न केलेल्या गाडीला ब्रिटनमध्ये २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. रस्ताकरही माफ. ऐकायला झकास वाटतं. पण ब्रेक लागतात की नाही हे आता सरकार विचारत नाही, म्हणजे ते आपण आपल्यालाच विचारायचं. कागदावर शिक्का मारून देणारा कुणी असला की माणूस निश्चिंत झोपतो.

बिनछपराच्या गाडीची खरी गोम खाली असते. छप्पर असलेल्या गाडीला वरून आधार मिळतो; इथे तो आधारच कापून टाकलेला. मग गाडीचा सगळा ताण दारांखालच्या दोन पोकळ पत्र्याच्या पेट्यांवर येतो. त्यांना इथे सिल म्हणतात. आत पाणी साचलं की त्या आतून कुजतात, आणि बाहेरून रंग मात्र तकतकीत. ओळखण्याची खूण सोपी आहे: दार लावताना मागच्या कडेची फट वर आणि खाली सारखी आहे का ते बघायचं. वरची फट मिटत चालली असेल, तर गाडी मधोमध वाकते आहे. जुनी गाडी बघायला आलेला जाणकार रंगाकडे, सीटच्या चामड्याकडे ढुंकूनही बघत नाही. तो दाराशी उकिडवा बसतो आणि हळूच उघडझाप करत राहतो. मालकाचा चेहरा त्या वेळी बघावा. मी दर हिवाळ्याच्या तोंडावर या पेट्यांत पातळ केलेलं मेण फवारतो. गंजाला थोपवणं एवढंच आपल्या हातात, हटवणं नाही.

ज्याच्यासाठी मी हे सगळं सहन करतो, ते बॉनेटखाली डाव्या हाताला आहे. एसयूचे दोन कार्ब्युरेटर. बुटांच्या व्यापारातल्या स्किनर घराण्यातल्या भावांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही जात जन्माला घातली, आणि पहिल्या नमुन्यात चामड्याचा भाता होता. कोल्हापूरच्या माणसाला हे ऐकून आपलेपणा वाटावा. आता भात्याच्या जागी धातूचा पिस्टन आहे. इंजिनने हवा ओढली की तो वर उचलला जातो, त्याला लावलेली निमुळती सुई जेटमधून वर येते, आणि हवेच्या मापाने पेट्रोल सुटतं. पिस्टनने उतावीळपणा करू नये म्हणून वरच्या नळीत चमचाभर तेल घालायचं. एवढंच.

दोघांना एका सुरात आणायचं हे खरं काम. त्याला हत्यार काय, तर हातभर रबरी नळी. एक टोक कानात, दुसरं आधी एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. हवा आत शिरताना फुस्स आवाज येतो. स्क्रू किंचित पिळायचा, पुन्हा ऐकायचं, पुन्हा पिळायचा. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा लावताना कसा एका क्षणी दोन आवाजांतला फरकच नाहीसा होतो, तसा क्षण इथेही येतो. मग पिस्टन खालच्या खिट्टीने केसभर उचलून बघायचा. इंजिनचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे, बसत चाललं तर कमी. जरा उसळून परत जाग्यावर आलं की पाना खाली ठेवायचा. माझं बरंचसं सुख या उसळीत आहे. नंतर गाडी चालवतो, ती ही उसळी टिकली का ते बघायला.

छताबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ते टिचबटणांवर असतं. थंडीत कापड आखडतं, बटणं बोटभर लांब राहतात, आणि पाऊस ही गोष्ट कापड ताणण्यापूर्वीच येते. आमच्या शेजारचे निवृत्त गृहस्थ अशा वेळी छत्री घेऊन माझ्याशेजारी उभे राहतात. स्वतःच्या डोक्यावर धरून.

मध्यंतरी इंजिन टकटक करू लागलं. या इंजिनाचं कूळ बीएमसीचं ‘बी सिरीज’. माझं १७९८ सीसीचं. त्याचाच १४८९ सीसीचा भाऊ आपल्या अँबॅसिडरमध्ये होता. कोल्हापूरला मामांची अँबॅसिडर ज्यांनी आयुष्यभर सांभाळली, त्या मिस्त्रींना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन मडगार्डवर टेकवला. त्यांनी दोन क्षण ऐकलं. ‘टॅपेट हाय, भाचेसाहेब. नवाचा हिशेब करा.’

तो असा: आठ व्हॉल्व्ह एका रांगेत. आठवा पूर्ण दाबला गेला की पहिल्याची फट मोजायची, सातवा दाबला की दुसऱ्याची, सहावा की तिसऱ्याची. बेरीज कायम नऊ. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूच पुढे ढकलली की इंजिन फिरतं; प्लग आधी काढून ठेवले तर ढकलणारा शिव्या कमी देतो. फिलर गेजची पंधरा थाऊची, म्हणजे इंचाच्या पंधरा हजारांश जाडीची, पात फटीत जरा अडखळत सरकली पाहिजे. सैल नको, घट्ट नको. कव्हरचं बुचाचं गॅस्केट नवं घातलं, नट जेमतेम आवळले, आणि टकटक गेली.

मिस्त्रींनी मग गाडी चारी बाजूंनी दाखवायला लावली.

‘ॲव्हरेज काय?’

‘नऊ-दहा.’

‘बसत्यात किती?’

‘दोघं.’

‘आन् पाऊस आला तर?’

मी टिचबटणांचं सांगितलं. मिस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, रेंज गेली.

‘ह्याच इंजिनावर,’ ते शेवटी म्हणाले, ‘आम्ही नऊ माणसं घालून जोतिबाचा डोंगर चढायचो. काचा लावून.’